नेरूळमधली कावीळ आणि नाल्यापलीकडची डुकरं

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझ्यापुढे एक टाइप केलेला कागद ठेवला. "मॅडम, तुम्ही जनावरांच्या डॉक्टर. तुमची सही असली की पत्र कोणी बाजूला टाकणार नाही." पत्राचा विषय होता, परिसरातील डुकरांमुळे पसरलेली कावीळ व सदर डुकरे तातडीने उचलण्याबाबत. खाली बेचाळीस सह्या आधीच झालेल्या. त्यात माझ्या नवऱ्याचीही होती.

मी म्हटलं, दोन दिवस द्या. सेक्रेटरींना ते आवडलं नाही आणि त्यांची चूकही नव्हती. त्या पत्रातला मुख्य मुद्दा आदल्या आठवड्यात जिन्यात उभं राहून मीच बोलले होते. हिपॅटायटिस ई, म्हणजे यकृताला सूज आणून कावीळ करणारा विषाणू, हे नाव ऐकल्यावर पशुवैद्याच्या डोक्यात पहिल्यांदा डुक्करच येतं. नोकरीची सुरुवातीची वर्षं मी वराहपालन केंद्रांवर फिरण्यात घालवली. १९९७ साली अमेरिकेत डुकरांमध्ये हा विषाणू सापडला, जपानमध्ये डुकराचं अर्धकच्चं काळीज आणि हरणाचं कच्चं मांस खाऊन माणसं आजारी पडली, फ्रान्समध्ये डुकराच्या काळजाचे कच्चे सॉसेज खाऊन पडली, हे सगळं मला तोंडपाठ होतं. तोंडपाठ असलेल्या गोष्टीच माणसाला फसवतात.

आमची सोसायटी नेरूळमधली, सिडकोच्या काळातली. ए, बी, सी असे तीन विंग, प्रत्येकी वीस घरं. मागच्या भिंतीपलीकडे पावसाळी नाला आणि नाल्यापलीकडे वस्ती. तिथली दोन-तीन कुटुंबं डुकरं पाळतात. १९ जुलैला सी विंगमधल्या एका कॉलेजच्या मुलाला उलट्या सुरू झाल्या. आईला वाटलं, बाहेरचं खाल्लंय. चार दिवसांनी त्याची लघवी चहासारखी झाली आणि डोळे पिवळे. २२ ऑगस्टपर्यंत असे अकरा जण झाले, पाच बीमधले आणि सहा सीमधले. तपासणीत सगळ्यांचं हिपॅटायटिस ईचं आयजीएम, म्हणजे ताज्या लागणीची प्रतिपिंडं, पॉझिटिव्ह. दोघांना दवाखान्यात ठेवावं लागलं, बाकी घरीच बरे झाले. या आजारावर तसं खास औषध नाही. विश्रांती, पातळ आहार, दारू आणि मनाने घेतलेल्या गोळ्या बंद. तरी तिघांच्या गळ्यात काविळीची माळ आली आणि एकाला रोज उसाचा रस पाजला जात होता, तोही रस्त्यावरचा, बर्फ घातलेला. त्या बर्फाचं पाणी कुठलं, हे विचारायचं मी कसंबसं टाळलं.

डुकरांवर संशय का गेला, तर २६ जुलैच्या रात्री मागची भिंत पडली. ती तारीख नव्या मुंबईत कोणी विसरत नाही, त्यामुळे सगळ्यांच्या लक्षात राहिली. दुसऱ्या दिवसापासून डुकरं ए विंगच्या मागे कचऱ्यापर्यंत यायला लागली. एक पांढरी डुकरीण सात पिल्लं घेऊन थेट पंपाच्या खोलीशी बसायची. भिंत पडली, डुकरं आली, कावीळ झाली. सभेत ही साखळी इतकी सरळ वाटली की कुणी तारखा बघितल्याच नाहीत.

त्या रविवारी संध्याकाळी मी आणि बी विंगमधले एक निवृत्त इंजिनिअर काका वही घेऊन बसलो. काका आयुष्यभर पाणीपुरवठ्यात होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "लागण झाल्यापासून कावीळ दिसेपर्यंत किती दिवस?" दोन ते आठ आठवडे, सरासरी चाळीस दिवस, मी सांगितलं. काकांनी कॅलेंडर मागे उलटलं. भिंत पडण्याआधी चौघांना उलट्या झालेल्या. भिंतीनंतरच्या आठवड्यात आणखी तिघे, आणि त्यांनाही भिंतीनंतर येणाऱ्या डुकरांकडून इतक्या लवकर कावीळ होणं शक्य नव्हतं. बहुतेक रुग्णांपासून चाळीस दिवस मागे गेलं की बोट येऊन थांबायचं जूनच्या दुसऱ्या पंधरवड्याच्या आसपास.

दुसरी गोष्ट मी स्वतः बघायला हवी होती. डुकरं बसायची ए विंगमागे, आणि ए विंगमध्ये एकही रुग्ण नव्हता. ए विंगची जमिनीखालची टाकी वेगळी आहे, मुख्य गेटच्या डाव्या हाताला. बी आणि सीची टाकी एकच, आणि ती रस्त्यालगत.

मग काकांना आठवलं. २० जूनच्या सुमारास रस्त्यावर केबलसाठी खोदकाम झालं होतं आणि आमच्या गेटबाहेरचा मलवाहिनीचा चेंबर फुटला होता. आठवडाभर तिथे काळं पाणी साचलेलं. त्याच दिवसांत दोन दिवस पाणी बंद होतं. पाणी सुटलं तेव्हा बी आणि सीमध्ये सकाळी गढूळ आलं, दुपारपर्यंत निवळलं, आणि सगळे विसरले. ठेकेदाराने चेंबरला सिमेंट थापलं. टाकी कुणी धुतली नाही.

सोमवारी सकाळी प्लंबरला टाकीत उतरवलं. रस्त्याच्या बाजूच्या भिंतीत, पाणी आत येणाऱ्या पाइपाभोवती, बोट जाईल एवढी फट होती. फटीच्या खाली भिंतीवर करड्या रंगाचा ओघळ वाळलेला. प्लंबरने तो नखाने खरवडला, वास घेतला आणि काही न बोलता वर आला. काकांनी समजावलं ते असं: पाइपात दाब असतो तोवर गळतीतून पाणी बाहेर जातं. पुरवठा बंद झाला, वर कुणी नळाला थेट पंप लावला, की तोच पाइप बाहेरचं आत ओढतो. आमच्या गल्लीत असे पंप किती आहेत ते मोजायचं नाही, असा काकांचा सल्ला होता. त्यात त्यांचा स्वतःचाही निघाला असता.

सभेत एकाने विचारलं, "पण पाण्यात क्लोरीन असतं ना?" असतं. मोरबे धरणाचं पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन येतं, ते गेटपर्यंत चांगलंच असतं. मी त्यांना दिल्लीची गोष्ट सांगितली. १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेने पात्र बदललं आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी वझिराबादच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत आलं. पाणी खात्याने तुरटी आणि क्लोरीन वाढवलं. त्यामुळे विषमज्वर वाढला नाही, जंतू मेले. पण सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती कुठल्या विषाणूची हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. जपून ठेवलेलं रक्त पुढे तपासलं तेव्हा ती हिपॅटायटिस ए नव्हे, बी पण नव्हे, असं कळलं. मग १९८३ मध्ये बालायन नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने अफगाणिस्तानातल्या आजारी सैनिकांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन, स्वतःला कावीळ करून घेऊन, स्वतःच्याच विष्ठेत हा विषाणू दाखवला. हे ऐकून सभेत हसू उठलं. तेवढ्यापुरता ताण सैल झाला.

तारखा आणि टाक्या एवढ्यावर मी पत्राला नाही म्हणू शकले असते. पण सेक्रेटरींचा मुद्दा बिनतोड होता: "सांडपाण्यात डुकरांची घाणही असणारच की. नाला तोच, चेंबर तिथलाच." तारखा याचं उत्तर देत नाहीत. इथे विषाणूचा प्रकार बघावा लागतो.

माणसांना त्रास देणाऱ्या हिपॅटायटिस ईचे प्रमुख चार प्रकार आहेत. पहिला आणि दुसरा फक्त माणसांचा. पाण्यातून येणाऱ्या मोठ्या साथी या दोघांच्या, भारतात पहिल्याच्या. तिसरा आणि चौथा मुळात डुकरांचा, रानडुकरांचा, हरणांचा, आणि अधूनमधून माणसांना होणारा. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २००२ साली नेमका आपल्याच भागाचा प्रश्न सोडवला होता. पश्चिम भारतातल्या माणसांमधला विषाणू पहिल्या प्रकारचा आणि इथल्या डुकरांमधला चौथ्या प्रकारचा निघाला. एकाच हवापाण्यात, एकाच उकिरड्याच्या दोन बाजूंना राहून दोघांचे विषाणू वेगळे. अमेरिकेत १९९८ साली उलट बाजूनेही बघितलं होतं. माणसांतले पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारचे विषाणू डुकरांच्या शिरेत टोचले, पण डुकरांना लागण झालीच नाही. म्हणजे आमच्या रुग्णांमध्ये पहिला प्रकार निघाला, तर डुकरांचं रक्त न तपासताच ती सुटतात. ज्याची लागणच त्यांना होत नाही, तो विषाणू ती टाकणार कुठून?

महापालिकेच्या आरोग्य विभागाकडून पाच रुग्णांचे नमुने गेले होते. आयजीएम चाचणी प्रकार सांगत नाही. त्यासाठी विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, हाती लागावा लागतो, आणि कावीळ डोळ्यांत दिसेपर्यंत तो रक्तातून ओसरायला लागलेला असतो. पाचांपैकी दोघांच्या नमुन्यात तो वाचता आला. अहवाल सप्टेंबरच्या शेवटी आला. दोन्ही पहिल्या प्रकारचे.

सेक्रेटरींनी अहवाल दोनदा वाचला आणि म्हणाले, "म्हणजे ही आपलीच घाण." माणूस सरळ आहे. पत्र त्यांनी फाडलं नाही, फाइलला लावलं.

या सगळ्याच्या मधेच लशीचा प्रश्न आला होता, आणि तो विचारला सी विंगमधल्या काकूंच्या मुलीने. ती पहिलटकरीण, सातवा महिना, डोहाळजेवणासाठी ऑगस्टच्या पहिल्या तारखेला डोंबिवलीहून माहेरी आलेली. बाकी कुणाला कावीळ झाली तर महिना-दीड महिना वाया जातो. गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्या प्रकारची कावीळ झाली, तर शंभरात वीस-पंचवीस जणी दगावल्याची नोंद अनेक साथींमध्ये आहे. मी हा आकडा तिला सांगितला नाही. तिने तो आधीच फोनवर वाचला होता. तिची तपासणी निगेटिव्ह आली, पण टाकीतलं पाणी ती अकरा दिवस प्यायली होती. आठ आठवडे वाट बघण्यावाचून उपाय नव्हता.

"ताई, याची लस नाही का?"

आहे, चीनमध्ये २०११ पासून. भारतात बाजारात मिळत नाही. आणि मिळाली असती तरी तीन डोस, शून्य, एक आणि सहाव्या महिन्याला. तिच्या उपयोगाचं काहीच नव्हतं. तिने पुढचा प्रश्न विचारला तो मात्र मला फार आवडला: "चीनमधला विषाणू वेगळा असेल ना? मग त्यांची लस आपल्याला कशी चालेल?"

डुकरांना सोडवताना ज्या फरकावर मी एवढा जोर दिला, तो लशीच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी ठरतो. पहिल्या आणि चौथ्या प्रकाराच्या जनुकीय अक्षरांत साधारण चौथा हिस्सा फरक आहे. पण विषाणूच्या कवचाचं जे प्रथिन शरीराची प्रतिकारशक्ती ओळखते, ते चारही प्रकारांत खूपच सारखं आहे. आडनावं वेगळी, चेहरा एकाच घराण्याचा. आडनावावरून कोण कुठल्या गावचा ते कळतं. रखवालदार मात्र चेहरा बघूनच अडवतो.

हे नुसत्या तर्कावर सोडून दिलेलं नाही. आधी माकडांवर बघितलं गेलं. पाकिस्तानात सापडलेल्या पहिल्या प्रकारच्या विषाणूचं कवच-प्रथिन कीटकांच्या पेशींमध्ये बनवून ऱ्हीसस माकडांना टोचलं, आणि मग काही माकडांना पहिल्या, काहींना दुसऱ्या, काहींना तिसऱ्या प्रकारचा विषाणू शिरेतून दिला. पाण्यातून पोटात जाणाऱ्या विषाणूपेक्षा ही परीक्षा फार कडक. लस घेतलेल्या माकडांची यकृतं तिन्ही प्रकारांपासून वाचली. हे काम २००३ साली छापून आलं. त्याच लशीची चाचणी नेपाळच्या सैन्यात सुमारे दोन हजार जवानांवर झाली. २००७ च्या निकालात कावीळ झालेल्या ६९ जणांपैकी ६६ जण लस न मिळालेल्या गटातले होते. इतकं होऊनही ती लस बाजारात आली नाही. गरिबांच्या आजारावरच्या लशीला गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न त्यात असणार, असं मला वाटतं.

चीनची लस वेगळ्या कारागिरीची. पहिल्या प्रकाराच्या कवच-प्रथिनातला ३६८ ते ६०६ हा तुकडा, म्हणजे २३९ अमिनो आम्लं, साध्या ई. कोलाय जिवाणूत बनवली. तिचं नावच एचईव्ही २३९. तीही आधी माकडांवर पहिल्या आणि चौथ्या प्रकाराविरुद्ध तपासली गेली. मग जिआंगसू प्रांतात १,१२,६०४ लोकांवर चाचणी झाली. तिसऱ्या डोसनंतरच्या वर्षभरात लस न मिळालेल्यांमध्ये १५ रुग्ण, लस मिळालेल्यांमध्ये शून्य. आणि त्या भागात माणसांमध्ये फिरणारा विषाणू बहुतांश चौथ्या प्रकारचा होता. पहिल्या प्रकाराच्या तुकड्यापासून बनवलेल्या लशीने चौथ्याला अडवलं. पुढे साडेचार वर्षांनी आणि मग दहा वर्षांनी बघितलं, तरी संरक्षण ८६ टक्क्यांच्या वर टिकलेलं. मुलीला मी एवढंच सांगितलं: चालली असती, नक्की चालली असती, पण आपल्याकडे नाही. ती म्हणाली, "मग मी डोंबिवलीला जाते." दुसऱ्या दिवशी गेली. दर सोमवारी काकू मला तिच्या तब्येतीचं कळवायच्या, मी न विचारता. ऑक्टोबरमध्ये मुलगा झाला. दोघं ठणठणीत.

लशीचा दुसरा प्रस्ताव सेक्रेटरींचा होता, आणि तो मला पशुवैद्य म्हणून अधिक अडचणीचा वाटला. "मग डुकरांनाच टोचून टाका. पुढे भानगडच नको." ऐकायला सोपं आहे.

माकडाला लस लागू पडली की नाही, हे त्याच्या यकृताकडे बघून ठरवता येतं. माकड आजारी पडतं, रक्तातली यकृताची विकरं वाढतात. डुक्कर आजारीच पडत नाही. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिपिंडं ओसरली की दोन ते चार महिन्यांच्या पिल्लाला लागण होते, एक-दोन आठवडे विषाणू रक्तात असतो, मग काही आठवडे विष्ठेतून पडत राहतो, आणि मालकाला पत्ताही लागत नाही. पिल्लू खातं, वाढतं, वजन धरतं. मग डुकरासाठी लशीचं संरक्षण म्हणजे काय मोजायचं? एकच, विष्ठेतून विषाणू पडणं थांबलं का. आणि नेमकी हीच गोष्ट लशींना कठीण जाते. माकडांतसुद्धा यकृत वाचलं तरी काहींच्या विष्ठेत थोडाफार विषाणू दिसतच होता. डुकरांवर कवच-प्रथिनाचे प्रयोग झालेत. त्यांत संरक्षण मिळालं ते अर्धंमुर्धं. सशांमध्ये निकाल जास्त चांगले आले. सशाचा स्वतःचा हिपॅटायटिस ई विषाणू असतो, तिसऱ्या प्रकाराच्या जवळचा, आणि माणसांची एचईव्ही २३९ लस त्यालाही अडवते. एकदा लागण होऊन गेलेली डुकरं पुढे तिसऱ्या-चौथ्या प्रकाराला दाद देत नाहीत, हेही दाखवलं गेलंय. म्हणजे ते शरीर शिकू शकतं. अजून तेवढं चांगलं शिकवणारी लस तयार नाही.

आणि असती तरी पैसे कोण देणार? स्वाइन फीव्हरची लस डुकरं वाचवते, म्हणून मालक रांगेत उभा राहतो. जो आजार डुकराला कळतच नाही, त्याच्यासाठी तो एक रुपया का काढेल? माझ्या जुन्या साहेबांनी एकदा म्हटलं होतं, जनावराच्या डॉक्टरला दोन रोगी असतात, एक गोठ्यातला आणि एक गोठ्याबाहेर पैशाची पिशवी घेऊन उभा असलेला. इथे दोघांनाही काही झालेलं नाही.

टाकी १२ ऑगस्टला धुतली गेली, फट बुजवली, चेंबर नव्याने बांधून घेतला. पाइप आता जमिनीवरून येतो. पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणाऱ्या ओटी चाचणीची बाटली पंपाच्या खोलीत दोरीने टांगली आहे. रखवालदार रोज सकाळी नळीत पाणी धरून दोन थेंब टाकतो आणि पिवळेपणा तक्त्याशी ताडून बघतो. पहिले काही दिवस तो रंग दिसला की मला बोलवायचा. आता वहीत बरोबरची खूण करून चहाला जातो.

भिंत बांधून झाली त्या आठवड्यात मी नाल्यापलीकडे गेले. पांढऱ्या डुकरिणीचे मालक खाटेवर बसले होते. आपली जनावरं उचलून नेणार, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. मी सांगितलं, मामा, कावीळ तुमच्या डुकरांची नाही, तसा कागद आलाय.

"मग आमच्या डुकरांना काहीच नाही ना?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, आमचा आजार त्यांना नाही. पण त्यांचा स्वतःचा असा एक प्रकार असतो, तो इथल्या बऱ्याच डुकरांना लहानपणी होऊन जातो, त्यांना त्रास होत नाही. तुम्ही कापताना हातमोजे घाला, काळीज-मांस पूर्ण शिजवून खा, तुमचं आणि दोन पिल्लांचं रक्त तपासू, पैसे नाही लागणार.

मामांनी पिल्लांकडे बघितलं. "ताई, रक्त घेतलं की कागद येणार. आणि त्या कागदावर असलं काही निघालं, तर परत तुमच्या सोसायटीचं पत्र येणार."

मी रक्ताच्या नळ्या पिशवीत तशाच परत आणल्या.